नाकेबंदीतली फट

संपादक महोदय,

अमेरिकी यादवीमुळे (१८६१-६५) मुंबईत आलेल्या कापूस-तेजीवरच्या लेखात दक्षिणेचा, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांचा, कापूस उत्तरेच्या आरमाराने केलेल्या बंदरांच्या नाकेबंदीत अडकला, असे सरसकट म्हटले आहे. बराचसा अडकला हे खरे. पण एक फट उघडी होती आणि तिथे चार्ल्स स्टिलमन दुकान मांडून बसला होता.

कनेक्टिकटचा हा व्यापारी १८२८ मध्ये मेक्सिकोतल्या मातामोरोसला आला. १८४८ च्या अमेरिका-मेक्सिको तहाने रिओ ग्रँद नदी ही सरहद्द ठरताच त्याने पलीकडच्या, टेक्सासच्या काठावर ब्राउन्सव्हिल वसवले. १८५० पासून केनेडी आणि किंग या आगबोटवाल्यांबरोबर आगबोटींत भागीदारी केली.

युद्धात टेक्सासचा कापूस गाड्यांनी ब्राउन्सव्हिलला येई, नदी ओलांडली की कागदोपत्री मेक्सिकन होई. आगबोटींवरही मेक्सिकन निशाण चढले. तहानुसार नदी दोन्ही देशांची, म्हणून उत्तरेच्या आरमाराला ती अडवता येईना. खरी अडचण मुखाशी होती. तिथल्या मेक्सिकन काठावरच्या बगदाद गावापुढे वाळूचा दांडा, त्यावर पाणी उथळ. मोठी जहाजे बाहेर नांगरून राहत आणि गठड्या पडावांतून न्याव्या लागत. उत्तरेचा वारा सुटला की माल किनाऱ्यावर पडून राही.

नोव्हेंबर १८६३ मध्ये उत्तरेच्या फौजेने ब्राउन्सव्हिल घेतले, तेव्हा गाड्या नदीच्या वरच्या अंगाला लारेडोकडे वळल्या. फेरा वाढला, धंदा थांबला नाही. गंमत म्हणजे स्टिलमनच्या काही गठड्या थेट न्यूयॉर्कलाच, म्हणजे शत्रूच्या बाजारात विकल्या गेल्या!

– एक वाचक, अमरावती