चित्रकथीची पाठची बाजूही दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सरला की सिंधुदुर्ग-रत्नागिरीत चित्रप्रदर्शनं भरू लागतात आणि चित्रकार-क्युरेटर यांच्या गप्पाही होतात. ‘प्रेरणा कुठून मिळाली?’ हा प्रश्न तिथे ठरलेला. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा गाण्याची कला, हे उत्तरही आता वरचेवर ऐकू येतं. चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाल्यापासून या कलेकडे लक्ष वळलं, याचा आनंदच आहे. पण हे चित्र बनतं कसं आणि प्रदर्शनात टांगल्यावर त्याचं काय होतं, हे मात्र बोललं जात नाही.

चित्रकथीत सुटं चित्र नसतंच. ठाकर समाजातल्या कलावंतांकडे असते ती पोथी: रामायण-महाभारतातल्या एखाद्या आख्यानाची क्रमानं लावलेली पानं, आणि दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. वीणा, टाळ आणि हुडुक हे छोटं चर्मवाद्य यांच्या साथीनं कथा सरकते तसं समोरचं चित्र बदलतं. असं पान चौकटीत घालून टांगलं की त्याचं एक चित्र भिंतीकडे तोंड करून राहतं. त्यातून आवडीची चारच पानं निवडली, तर आख्यानही तुटलं.

आज नव्यानं पोथी करणाऱ्यांची पानं वाकडी होतात, त्याचं कारण बहुधा चिकटवण्यात असतं. एक कागद खळीनं भिजून फुगतो, दुसरा कोरडाच राहतो, आणि वाळताना पान पन्हाळीसारखं वळतं. म्हणून दोन्ही कागद आधी सारखेच ओलसर करावेत. एक भाग मैद्याला पाच-सहा भाग पाणी घेऊन, सतत ढवळत, पारदर्शक होईपर्यंत शिजवलेली खळ गाळून पातळ लावावी. मग टीपकागदात घालून सपाट वजनाखाली ठेवावं आणि पान पुरतं सुकेपर्यंत टीपकागद बदलत राहावं. गिरणीचा कागद असेल तर दोन्हींच्या तंतूंची दिशा एकच हवी; हातकागदाला ही अडचण जवळजवळ नसते. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. ते चिमूटभरच, कारण जास्त झालं तर कालांतरानं कागद तपकिरी पडून ठिसूळ होतो. जुन्या पानांच्या दुरुस्तीत तर ते नकोच. डब्यातला पांढरा गोंदही टाळावा, कारण तो सुकल्यावर पानं पुन्हा सोडवता येत नाहीत.

चिकटवणं आधी आणि रंगवणं नंतर केलं तर पोस्टर कलर फुटत नाहीत. मात्र एक बाजू बिघडली की पाठचं चित्रही हातचं जातं. त्यामुळे कोणत्या प्रसंगाच्या पाठीवर कोणता प्रसंग येणार, हे पहिल्या रेघेआधीच पक्कं करावं लागतं. चित्रकाराच्या विचाराचा खरा कस इथे लागतो. गप्पांमध्ये याच निर्णयाबद्दल विचारलं पाहिजे.

मांडणीची बाजू क्युरेटरची. पान दोन काचांमध्ये उभं करून टेबलावर ठेवावं, म्हणजे दोन्ही बाजूंनी फिरून पाहता येतं. रंग आणि काच यांच्यात चार-पाच मिलिमीटर जागा हवीच. ती नसेल तर आमच्या दमट हवेत रंग काचेला चिकटतो. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात ती सहज ८०च्या पुढे असते. म्हणून मूळ पानं जून ते सप्टेंबर प्रदर्शनात ठेवूच नयेत. भिंतीला लावायचंच असेल तर मागे इंचभर हवा खेळती ठेवावी, कारण इथल्या भिंतींचा चिरा (जांभा दगड) पाणी धरून ठेवतो. उजेड ५० लक्सपुरता, आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा. ही चित्रं बसून पाहायची आहेत, तेव्हा टेबल बुटकं आणि समोर बाकडं असावं. आख्यान गाणाऱ्याचा आवाज तिथे ऐकू यायलाच हवा.

सावंतवाडीच्या गंजिफाचं, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांचंही असंच होतं. दशावतारी गंजिफाचे पत्ते १२०: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. काचेखाली फुलासारखे मांडलेले चार-सहा राजे सुंदर दिसतात, पण हा खेळ आहे हे त्यावरून कळत नाही. निदान एका रंगाचे बाराही पत्ते ओळीनं लावावेत.

जिल्ह्यातल्या आयोजकांना एकच विनंती आहे. चित्राखालच्या पाटीवर नाव आणि किंमत असतेच. तिथे आख्यान कोणतं, पोथीतलं पान कितवं, पाठीवर काय आहे, कागद, रंग आणि खळ कोणती, हेही छापा. चित्र चित्रकथीवरून सुचलं असेल तर ते कोणाच्या पोथीवरून आणि शिकवलं कोणी, हेही त्याच पाटीवर, त्याच आकाराच्या अक्षरात यावं.

आपला,
एक वाचक, कुडाळ