बापूंच्या पेटीतले कागद

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय दिल्या,

फोन ठेवला आणि लक्षात आलं, निम्मं बोलायचं राहूनच गेलं. बापूंच्या लोखंडी पेटीत विप्रोच्या शेअरचे कागद निघाले. आपल्या अमळनेरात अशा पेट्या पुष्कळ, पण तुझ्या घरातही असेल असं कधी वाटलं नव्हतं.

तू विचारलंस, हे शेअर विकू का, आणि बापू एवढे हुशार होते का? रागावू नकोस, पण नव्हते रे! १९४५ साली गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच पुढे विप्रो झाली. पुढे गावकऱ्यांनी शेअर घेतले ते कारखान्याचं धुराडं रोज दिसायचं म्हणून. १९६६ ला कारखाना काढणारे वडील गेले आणि अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी शिक्षण अर्धवट टाकून परतले. १९७७ ला परकीय भांडवलाच्या नियमावरून आयबीएमनं भारतातून गाशा गुंडाळला, संगणकाच्या धंद्यात मोकळी जागा झाली आणि ही तूपवाली कंपनी त्यात शिरली. कायदा बदलला तो सगळ्यांसाठीच, पण त्या जागेत शिरायची तयारी कितीजणांची होती? पुढे कमाई डॉलरमध्ये होऊ लागली. रुपया घसरला की आयातदार कपाळाला हात लावतो, सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या पदरात मात्र चार रुपये जास्त पडतात. आता उलटंही बघ: अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला की हाच शेअर वर्षानुवर्षं जागचा हलत नाही.

बोनसवर तू फारच खूश दिसलास. डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक बोनस, म्हणजे एका शेअरमागे एक फुकट शेअर, मिळाला आणि भाव त्याच दिवशी निम्म्यावर आला. भाकरीचे तुकडे वाढले, पीठ तेवढंच. बापूंचे शेअर वाढत गेले बोनसमुळे. पैसा वाढला तो नफ्यामुळे.

आता माझी फजिती. २००७ च्या अखेरीस मी रस्ते आणि वीज प्रकल्पवाल्या एका कंपनीत पीएफमधून काढलेले पैसे घातले. सगळे घेत होते, मीही घेतले. ताळेबंद उघडला असता तर कर्ज दिसलं असतं. जुलै २००८ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो व्याजदर, ९ टक्क्यांवर गेला, सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली आणि जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली डोकावून आला. वादळ सगळ्यांवरच आलं होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये सेन्सेक्स पुन्हा २१ हजारांवर, आणि माझी कंपनी अजून व्याजच फेडतेय! शेवटी जे विकून आलं त्यात हिची एक पैठणीसुद्धा आली नसती. तो टोमणा घरात अजून चालू आहे.

म्हणून 'विकू का' याचं उत्तर मी देणार नाही. आधी कागद तुझ्या नावावर आणि डिमॅटमध्ये, म्हणजे शेअरच्या संगणकावरच्या खात्यात, जाऊ देत. मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं तयार ठेव. लाभांश सलग सात वर्षं कुणी उचलला नसेल तर शेअर सरकारी निधीकडे गेलेले असतात, तिथून परत मागता येतात, पण चपला झिजतात. मग ताळेबंद घेऊन ये, दोघं बसून वाचू.

आणि वहिनी फोनवर मागून म्हणत होत्या ते कागदांचं लॅमिनेशन कृपा करून करू नका.

तुझा,
पक्या