वीज वाचवणाऱ्या सरकारी माणसाचे नाव घ्या

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

ऊर्जा संवर्धनाचे पुरस्कार देताना आपण कारखान्याचे नाव घेतो, इमारतीचे घेतो, संस्थेचे घेतो. ज्या सरकारी माणसाने खटपट करून वीज वाचवली, त्याच्या सेवापुस्तकात मात्र त्याची एक ओळही उमटत नाही. ती उमटावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी ऊर्जा लेखापरीक्षक आहे, म्हणजे वीज कुठे किती लागते आणि कुठे वाया जाते हे तपासतो. दरवर्षी 14 डिसेंबरला, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, दिल्लीत पुरस्कार दिले जातात. आपल्याकडे महाऊर्जा ही राज्य शासनाची ऊर्जा विकास संस्थाही राज्यस्तरीय पुरस्कार देते. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या 2024 च्या राज्य ऊर्जा कार्यक्षमता निर्देशांकात सर्वाधिक ऊर्जा वापरणाऱ्या राज्यांच्या गटात महाराष्ट्र अव्वल ठरला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण माझे बरेचसे काम नगरपालिकांच्या पंपघरांत चालते, आणि तिथे उतरल्यावर हा अभिमान टिकवणे जड जाते.

एक साधा हिशोब मांडतो. 75 किलोवॉटची मोटर दिवसाला 16 तास चालली, तर वर्षाला 4 लाख 38 हजार युनिट वीज लागते. युनिटला 8 रुपये धरले तरी बिल 35 लाखांवर जाते. या एका वर्षाच्या बिलापुढे पंप आणि मोटरची किंमत किरकोळ ठरते, आणि तोच पंप पुढे पंधरा-वीस वर्षे चालतो. तरीही खरेदीच्या वेळी चर्चा होते ती फक्त किमतीची. मग हेड (पाणी किती उंचीपर्यंत ढकलायचे याचे माप) चुकीचे धरून घेतलेला पंप, झिजून गेलेला इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे फिरते चाक) आणि प्रवाह आवरण्यासाठी अर्धा आवळून ठेवलेला व्हॉल्व्ह, हे सारे एकाच पंपघरात पाहायला मिळते. व्हॉल्व्ह आवळून पाणी कमी करायचे म्हणजे विकत घेतलेली वीज त्या व्हॉल्व्हमध्येच जिरवायची. लांब, सपाट जलवाहिनीवर व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवून मोटरचा वेग 20 टक्क्यांनी उतरवला, तर विजेची गरज जवळपास निम्म्यावर येते, कारण शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पाणी उंच टेकडीवरच्या टाकीत चढवायचे असेल तर एवढा लाभ मिळत नाही. तिथे योग्य हेडचा पंप निवडणे हेच खरे काम. कुठे काय लागू पडेल हे कळण्यासाठी चालू स्थितीतले फ्लोमीटर (पाण्याचा प्रवाह मोजणारे यंत्र) हवे, खरे आकडे लिहिलेले लॉगबुक हवे आणि ते वाचून डोके लावणारा अभियंता हवा.

असे अभियंते आहेत, साहेब. मी त्यांना भेटलो आहे. पण त्यांच्या वाट्याला काय येते ते पाहा. चांगल्या कार्यक्षमतेचा पंप मागितला की दर जास्त दिसतो, सर्वांत कमी दराची निविदा का डावलली असा लेखा आक्षेप निघतो आणि त्याचे उत्तर देत त्यालाच फिरावे लागते. स्वस्त पंप घेऊन पुढची पंधरा वर्षे जास्त बिल भरले, तर मात्र कुणी काही विचारत नाही. बचत करून दाखवलीच, तर पुढच्या अंदाजपत्रकात वीजबिलाची तरतूद तेवढ्याने कापली जाते. वाचलेल्या पैशातून पुढचे काम करण्याची सोय त्याला मिळत नाही. काहीच न करणे ही सर्वांत सुरक्षित वाट आहे, आणि ती आपल्याच व्यवस्थेने आखून दिली आहे.

एका नगरपरिषदेतल्या शाखा अभियंत्याने पाठपुरावा करून पंपघरातली कपॅसिटर बँक, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारा संच, बदलून घेतली होती. पॉवर फॅक्टर म्हणजे ओढलेल्या एकूण विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा. एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामी आलेल्या नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर निघते, त्यामुळे पॉवर फॅक्टर घसरला की तो थेट बिलात दिसतो. त्यांच्या काळात तो नीट राहिला. पुढे त्यांची बदली झाली, काही कपॅसिटर निकामी झाले आणि बिल पुन्हा चढले. त्यांनी काय केले होते याची नोंदच कुठे नव्हती, तेव्हा नव्या माणसाला ते कळणार कसे?

मान मिळाला की यंत्रणा हलते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 2000-01 मध्ये ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा गावे झाडू घेऊन रस्त्यावर आली. तपासणी समिती येणार, आपल्या गावाचे नाव पुकारले जाणार, ही ओढ त्यामागे होती. 2020 पासूनच्या माझी वसुंधरा या राज्याच्या पर्यावरण अभियानात ऊर्जेसाठी पंचतत्त्वांपैकी 'अग्नी' हे तत्त्व ठेवलेले आहे, पण अनेक विषयांच्या गुणांत ते विरघळून जाते. नवी समिती, नवे कार्यालय उभारायची गरज नाही. महाऊर्जाच्या पुरस्कारांतच सार्वजनिक सेवेतल्या व्यक्तींचा वेगळा गट करावा.

तो गट कसा असावा, यावर मात्र माझा आग्रह आहे. निवड सादरीकरणावर होऊ नये, मीटरवर व्हावी. त्यातही नुसते बिल पाहू नये, कारण पाणीपुरवठा एक दिवसाआड केला तरी बिल उतरते आणि गाव तहानलेले राहते. दर हजार लिटर पाण्यामागे किती युनिट लागली, हा आकडा घ्यावा आणि तो त्रयस्थ लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावा. दोन वर्षांनी पुन्हा तपासणी व्हावी. ज्याने व्यवस्था लावून दिली, त्याची बदली झाल्यावरही ती टिकली असेल, तर त्याला त्याच्या नव्या ठिकाणी पत्र जावे.

आणि सन्मान एकट्या आयुक्तांचा किंवा मुख्याधिकाऱ्यांचा होऊ नये. त्यांनी पाठीशी उभे राहणे मोलाचे असते, त्यांचे नाव असावेच. पण रात्रपाळीत दर तासाला दाबमापक पाहून लॉगबुक भरणारा पंपचालक, मोटरचा आवाज बदलला की आधी ओळखणारा वीजतंत्री आणि 'हा पंप महाग आहे, पण वीस वर्षांत स्वस्त पडेल' अशी टिप्पणी फाइलवर सहीनिशी लिहिणारा लेखाधिकारी, हे सगळे त्यात आले पाहिजेत. रोख बक्षिसाचा माझा हट्ट नाही. वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात नोंद व्हावी, आणि वाचलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा त्याच विभागाकडे पुढच्या कामासाठी राहावा. या दोन गोष्टी त्या माणसांना शाल-श्रीफळापेक्षा जास्त उपयोगी पडतील.

यासाठी ऊर्जा, नगरविकास आणि सामान्य प्रशासन या तिन्ही विभागांची संमती लागेल, आणि तिघांना एका टेबलावर आपणच आणू शकता. पुढच्या 14 डिसेंबरच्या आत शासन निर्णय निघावा. पहिल्या वर्षी 'क' वर्ग, म्हणजे लहान शहरांच्या नगरपरिषदांना प्राधान्य द्यावे, कारण अनेक ठिकाणी तिथे विद्युत अभियंत्याचे पदच नसते आणि पंपघर एकट्या पंपचालकाच्या जिवावर चालते. पुरस्काराची यादी छापताना त्याचे पूर्ण नाव आणि पदनामही छापावे, ही विनंती.

आपला,
एक ऊर्जा लेखापरीक्षक