पोटातला जंतू आणि मेंदूतले पांढरे ठिपके

महोदय,

जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा मेंदूतील श्वेतद्रव्याच्या (मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या थराच्या) हानीशी संबंध असल्याचे वाचून काही रुग्ण एमआरआयचा अहवाल घेऊन येतात आणि त्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवून अँटिबायोटिकचा कोर्स मागतात. हे ठिपके बहुतेक वेळा मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्याची खूण असतात आणि त्यामागे प्रामुख्याने वाढते वय व उच्च रक्तदाब असतो. संसर्ग असलेल्यांमध्ये ते अधिक आढळल्याची निरीक्षणे आहेत. परंतु एवढ्यावरून जंतू हेच कारण ठरत नाही, आणि जंतू मारल्याने ठिपके जातात असेही सिद्ध झालेले नाही.

तरीही या संबंधातला एक दुवा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे, तो म्हणजे बी१२ जीवनसत्त्व. संसर्ग वर्षानुवर्षे राहिला की जठराचे अस्तर झिजते, आम्ल कमी पडते आणि अन्नातले बी१२ नीट सुटे होत नाही. त्याची कमतरता वाढली की मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण बिघडते आणि रक्तवाहिन्यांना त्रासदायक ठरू शकणारे होमोसिस्टीन हे द्रव्य रक्तात वाढते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ६७ टक्के पुरुषांमध्ये बी१२ कमी आढळले होते. ताटातच बी१२ कमी असलेल्या माणसाचे जठरही साथ देईनासे झाले, तर त्याची तपासणी लांबणीवर टाकणे मला अक्षम्य वाटते.

म्हणूनच गॅसच्या गोळीची सवय मला अधिक चिंताजनक वाटते. पॅन्टोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळीची पट्टी दुकानातून आणून महिनोन्महिने उपाशीपोटी घेणारे घरोघरी आहेत. त्या गोळीने जळजळ थांबते, पण संसर्ग जात नाही. ती दीर्घकाळ घेतल्यास बी१२चे शोषणही घटू शकते. शिवाय गोळी चालू असताना श्वासाची किंवा शौचाची चाचणी केली, तर संसर्ग असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी आधी दोन आठवडे बंद ठेवावी लागते.

हा जंतू अल्सरचे आणि जठराच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. त्याच्या शोधासाठी बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. चाचणी पॉझिटिव्ह आल्यास उपचार जरूर घ्यावेत, मात्र ते पोटासाठी, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत. साधारणपणे ही मुदत १४ दिवसांची असते. आपल्या आरोग्य पुरवणीत या विषयावर लिहिताना रक्तदाब आणि बी१२ यांना जंतूच्या आधी जागा मिळावी, ही विनंती.

– एक फॅमिली डॉक्टर, पुणे