कॅनबेराच्या नेव्हिगेटरचंही नाव छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दरवर्षी 16 डिसेंबर जवळ आला की आपल्या पेपरात 71 च्या युद्धावर पान येतं. मी ते आवर्जून वाचतो, पण बॉम्बर विमानांवर दोन ओळींच्या वर काही नसतं आणि असलंच तर पायलटचं नाव आणि बास.

माझे मामा एअर फोर्समधे आर्मामेंट फिटर होते, आग्र्याला कॅनबेरा या बॉम्बर विमानाला बॉम्ब लावायचे. 3 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानने आग्र्यावरही बॉम्ब टाकले, ते टाकणारं बी-57 म्हणजे अमेरिकेत बनलेली कॅनबेराच, एकच विमान दोन्हीकडे! त्याच रात्री आपल्या कॅनबेरा पलीकडे गेल्या. मामा सांगतात, इंजिन चालू करायला काडतूस असायचं, धाडकन आवाज व्हायचा आणि असा काळा धूर सुटायचा की शेजारी उभा असलेला माणूस दिसायचा नाही.

विमानात माणसं दोनच, पायलट आणि नेव्हिगेटर, म्हणजे दिशा सांगणारा आणि बॉम्बचा निशाणा धरणारा. आपल्याकडच्या बॉम्बर कॅनबेरात पायलटला इजेक्शन सीट (संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची) होती पण नेव्हिगेटरला नव्हती, हे किती जणांना माहितीये? हल्ल्याच्या वेळी तो पुढे नाकात पालथा पडून निशाणा बघणार, आणि विमानाला काही झालं तर त्याने उठून, छातीला पॅराशूट लावून बाजूच्या दरवाजातून उडी मारायची. कमी उंचीवर एवढा वेळ कुठून मिळणार? हे माहीत असूनही ती पोरं रोज रात्री जात होती. मामा म्हणतात, "पायलटनं नाव पेपरमा येस, नाकमा पडेल नेव्हिगेटरले कोन इचारस?"

65 ला पाकिस्तानातल्या सरगोध्यासारख्या हवाई तळांवरच्या मोहिमांसाठी विंग कमांडर प्रेमपाल सिंग यांना महावीर चक्र मिळालं, ते योग्यच, पण त्यांच्यासोबत नेव्हिगेटर होताच ना. 1999 ला कारगिलच्या वेळी एका कॅनबेराच्या इंजिनाला मिसाईल लागलं, तरी दोघं एका इंजिनवर विमान घेऊन सुखरूप उतरले. 2007 ला ही विमानं रिटायर झाली, तब्बल 50 वर्षं सेवा.

आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारमधे एअर फोर्सचे असे जुने लोक गावोगावी असतील, नेव्हिगेटर, फिटर, सगळे आता ऐंशीच्या आसपास. यंदा तालुक्याच्या वार्ताहरांना त्यांच्याकडे पाठवा, बोलणं रेकॉर्ड करून घ्या, आणि जिथे पायलटचं नाव छापाल तिथे शोधून नेव्हिगेटरचंही छापा. मामांना आता ऐकू कमी येतं पण आठवतं सगळं, त्यांच्यापासून सुरुवात करायची असेल तर मी कधीही घेऊन येतो.

आपला,
एक वाचक, अमळनेर