शनिवारची एटना सायकल राईड : मार्गात बदल

मंडळी, सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवर निकोलोसी गावातून रिफुजो सापिएन्झा या पर्यटक तळाला जाणारा दक्षिणेचा रस्ता रद्द. तिथे टुरिस्ट बसगाड्यांची रांग असते, त्यांच्या मागे धूर खात चढण्यात काय मजा? त्याऐवजी उत्तरेकडून लिंग्वाग्लोसा गाव ते पियानो प्रोवेन्झाना हा डोंगरावरचा स्की-तळ. साधारण ५५० मीटरवरून १,८०० मीटरपर्यंत चढ, वाटेत पाइनचं दाट जंगल, गाड्या तुरळक. वर २००२च्या उद्रेकाचा काळा लाव्हा अजून तसाच पसरलेला आहे.

खरी काळजी उतरताना. वळणांवर राख साचते. बारीक, कोरडी, आपल्याकडच्या डांबरावरच्या कचखडीसारखी. तिच्यावर वाकून वळू नका, पुढचा ब्रेक दाबू नका, वेग आधीच कमी करा. आदल्या रात्री राख पडली तर राईड नाही. अशा वेळी प्रशासन दुचाकींवर बंदीही घालतं, तेव्हा सकाळी ग्रुप बघूनच निघा.

विंडचीटर हवाच; खाली घाम आणि वर कुडकुड, असा प्रकार आहे. पाण्याच्या दोन बाटल्या लिंग्वाग्लोसातच भरून घ्या. मागचा लाल दिवा विसरणाऱ्यांनी (कोण ते सगळ्यांना माहीत आहे) या वेळी तरी आणावा.

सकाळी ७ वाजता लिंग्वाग्लोसा स्टेशनसमोर जमू. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत कळवा.