लॅपटॉपच्या पडद्यावरची अडचण ओळखणाऱ्या ताईंना, एका पेंटरचं आभार पत्र

ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे. तुम्ही मला जी मदत केली ती आपल्या भागातल्या बऱ्याच पेंटर मंडळींच्या कामाची आहे, आणि तुमच्या दाखल्या-अर्जांच्या केंद्राच्या दारात उभ्या उभ्या "थँक्यू" म्हणून ती फिटत नाही.

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या आसपासच्या गावांत मी दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीवरची नावं, शाळांच्या भिंती आणि आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांचे पडदे, पोस्टर रंगवत आलो. दिवाळी झाली, धान घरात आलं की गावोगावी मंडई भरते आणि रात्रीची नाटकं सुरू होतात. नाटक कंपन्यांचा कारभार वडशातूनच चालतो, म्हणून हंगामात काम दारात यायचं. फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम जवळजवळ संपलं. पोस्टरवर नटांचे फोटो कापून लावायला लागले. तरी काही निर्माते अजून म्हणतात, पेंटर, चित्र तुमच्याच हातचं पाहिजे, पण छपाईला फाइल द्या. त्या फाइलीसाठी मुलाने जुना लॅपटॉप आणि पेन टॅबलेट, म्हणजे पेनाने चित्र काढायची पाटी, घेऊन दिला.

त्यानंतर माझं जे झालं ते तुम्ही पाहिलं आहे. ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, काका, वय झालं, हळूहळू हात बसेल. तुम्ही तसं म्हणाल्या नाहीत. तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "काढा काही तरी, मी फक्त बघते." थोड्या वेळाने म्हणालात, "काका, हात पक्का आहे तुमचा. हे मांडणीचं दुखणं आहे." माझ्यासाठी सगळी वाट तिथून मोकळी झाली.

तुम्ही चित्रकार नाही. तुमचं काम दाखले, सातबारा, पीक विम्याचे अर्ज. पण दिवसभर तुमच्यासमोर माणसं बसतात आणि अर्जाच्या कोणत्या रकान्यापाशी गोंधळतात ते तुम्ही बघता. शहाणा शेतकरी पडद्यासमोर गप्प होतो तो अडाणी म्हणून नाही, पुढचं बटण दिसत नाही म्हणून, हे तुम्हाला रोजच्या अनुभवातून माहीत. तीच नजर तुम्ही माझ्या चित्राच्या पडद्याला लावली.

पहिली गोष्ट गोलाची. तीस फूट भिंतीवर दोरी न धरता गोल काढणारा मी, आणि पडद्यावर प्रत्येक गोल लांबट येत होता. मी मनातून खचलो होतो, खरंच सांगतो. तुम्ही पट्टी घेऊन टॅबलेटची पाटी मोजली, मग लॅपटॉपचा पडदा मोजला. दोघांची लांबी-रुंदी एका प्रमाणात नव्हती. टॅबलेट चालवणारं सॉफ्टवेअर, त्याला ड्रायव्हर म्हणतात, ते अख्खी पाटी अख्ख्या पडद्यावर ताणून बसवत होतं, म्हणून गोल एका अंगाने ओढला जात होता. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवायची एक खूण आहे, ती केली की पाटीची एक पट्टी वाया जाते, पण गोल गोलच येतो. ती खूण सुरुवातीपासून का नसते, हे मला अजून पटलेलं नाही. वस्तू चित्र काढायलाच विकतात ना.

दुसरं ते कडं. आम्ही पेंटर ब्रश टेकवतो, श्वास धरतो, मग रेघ ओढतो. संगणकाला पेन क्षणभर एका जागी टेकलं की वाटतं, माणसाला राइट क्लिक हवं आहे. मग टोकाभोवती एक कडं उमटायचं आणि रेघ सुरूच व्हायची नाही, नाही तर मधूनच उगवायची. लोक मला हात जलद चालवा म्हणायचे. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन दाबून धरण्याची ती सोयच बंद केली. हात बदलायचा नव्हता.

तिसरं तर कोणालाच सुचलं नव्हतं. माझ्या लॅपटॉपचा पडदा 1366 बाय 768 पिक्सेलचा, आणि त्यात अक्षरं मोठी दिसावीत म्हणून 125 टक्क्यांवर ठेवलेली. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी खिडकी उघडली की तिचं "ओके" पडद्याच्या खाली जायचं. बदल केलेला असायचा, मान्य करायचं बटण दिसायचं नाही, आणि मी रद्द करून बाहेर पडायचो. तुम्ही टक्के 100 वर आणले आणि बटण वर आलं. मोठ्या पडद्यावर बसून सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला हे कधी दिसतच नसणार. आमच्याकडे असेच लॅपटॉप येतात, शहरात वापरून झालेले.

मग तुम्ही क्रिता नावाचं चित्र काढायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. मोफत आहे, मुक्त-स्रोत आहे, त्याचं काम 1999 पासून चालू आहे, हे सगळं तुम्ही नंतर सांगितलं. आधी तुम्ही त्यातली पडद्याच्या कडेची निम्मी दालनं (साधनांच्या चौकटी) बंद केली. राखाडी पाटीवर राखाडी चित्रं, तीही ज्वारीच्या दाण्याएवढी, माझ्या चष्म्याला दिसत नव्हती. साधनांच्या पट्टीवर राइट क्लिक करून ती मोठी करता येतात, हे तुम्ही शोधलंत. माझे नेहमीचे ब्रश एका टॅगखाली, म्हणजे एका नावाच्या गटात, घातलेत. आता पेनाचं बाजूचं बटण दाबलं की जिथे हात आहे तिथेच गोल थाळी उघडते, त्यात ते ब्रश, रंगचक्र आणि नुकते वापरलेले रंग. रंगासाठी पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जावं लागत नाही. ही सगळी मांडणी तुम्ही माझ्या नावाने जतन करून ठेवली. काही चुकून बंद झालं तर यादीतून ते नाव निवडायचं, सगळं परत जागेवर.

पुढे काय होईल तेही आधीच सांगून ठेवलंत. टॅब दाबला गेला तर सगळी पानं-पट्ट्या नाहीशा होतील, घाबरू नका, परत टॅब दाबा. ई दाबलं तर हातातला ब्रशच खोडायला लागेल. बी दाबून तो सुधारणार नाही, पुन्हा ईच दाबा. रंग उमटत नसेल तर आधी बघा की थर (लेयर, जणू एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद) कोणता निवडला आहे, आणि कुठे कोपऱ्यात एखादी निवड (सिलेक्शन) उरली आहे का. हे तुम्ही मोठ्या मराठी अक्षरांत कागदावर लिहून लॅपटॉपच्या कडेला चिकटवलंत. तो कागद अजून आहे, वर सेलोटेप मारली आहे. आता मला तो पाहावा लागत नाही, पण मुलगी बसते तेव्हा तिला लागतो.

मापाचं सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही, कारण तिथे माझ्यासारखे सगळे अडतील. नवी फाइल उघडली की पहिली रेघ मारायच्या आधी पिक्सेल, रेझोल्यूशन, बिट असं विचारतात. मला फूट कळतात. दहा बाय सहा फुटांचा फ्लेक्स इंचाला 72 पिक्सेलने धरला तर 8640 बाय 5184 पिक्सेल होतात, आणि एकेका थराला सुमारे 180 एमबी मेमरी लागते. चार-पाच थर झाले की माझा लॅपटॉप गोठायचा. तुम्ही वहीवर गुणाकार करून दाखवला: 40 ने धरा, 4800 बाय 2880, थर 55 एमबीच्या आसपास. रस्त्यावरून बघणाऱ्याला फरक कळत नाही, छापणाऱ्यानेही काही म्हटलं नाही. रंगाचे बिट आठच ठेवायचे, सोळा केले की भार दुप्पट.

लाइट जाण्याचं तर बोलायलाच नको. बॅटरी केव्हाच गेलेली. कंट्रोल, ऑल्ट आणि एस एकत्र दाबलं की चित्राची पुढच्या नंबरची प्रत तयार होते, ही सवय तुम्ही लावली. आपोआप जतन होण्यातलं अंतरही कमी करून दिलं.

एकदा मी विचारलं होतं, ही तक्रार कोणी ऐकतं का हो? तेव्हा तुम्ही गिम्प नावाच्या दुसऱ्या मोफत चित्र-सॉफ्टवेअरचं सांगितलं. त्यात पूर्वी साधनं एका खिडकीत, चित्र दुसरीत, थर तिसरीत असायचे. लोक वर्षानुवर्षं बोलत राहिले आणि 2012 मध्ये 2.8 आवृत्तीत सगळं एका खिडकीत घ्यायची सोय आली. मला त्या गोष्टीने फार धीर आला. जगात कुठे तरी दुसऱ्या चित्रकाराचाही हात असाच अडला होता, आणि तो बोलला.

ताई, तुम्ही या कामाचे पैसे घेतले नाहीत. केंद्र बंद झाल्यावर थांबलात, घरी स्वयंपाकाला उशीर केलात. नंतर आरमोरीकडच्या माझ्या एका जोडीदाराला पाठवलं, तर त्याच्याही लॅपटॉपवर तशीच मांडणी बसवून दिलीत. तो डावखुरा, म्हणून त्याच्या पट्ट्या उजव्या बाजूला नेल्यात. इतकं कोण बघतं?

एक काम अजून राहिलं आहे. नाटकाचं नाव मी हातानेच रंगवतो, पण खालची कलाकारांची नावं आणि तिकिटाचे दर टाइप करून लागतात. निर्माते मजकूर जुन्या फॉन्टमधला पाठवतात, तो क्रितात टाकला की भलतीच अक्षरं उमटतात. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे नीट दिसणाऱ्या अक्षरांत, कसा आणायचा ते शिकायचं आहे. रोवणी आटोपली की एखाद्या दुपारी येतो, लॅपटॉप सोबत आणतो. आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या प्रयोगाचे दोन पास निर्मात्याकडून तुमच्यासाठी मागून ठेवले आहेत. आईंना घेऊन या, थंडी असते, शाल विसरू नका.

तुमचा,
वडशाकडचा पेंटर काका